रविवारच्या कार्यशाळेला मुलं येतात, पण चित्रं कुणीच पाहत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जिल्ह्याच्या गावात एका विश्वस्त संस्थेचं छोटं कलासंग्रहालय आहे. दालनं चार. त्यात १९२० ते १९४० च्या सुमाराची तैलचित्रं, थोडी लघुचित्रं आणि जुन्या घरगुती वस्तू आहेत. गेले सहा महिने दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही मुलांसाठी कार्यशाळा घेता: मुखवटे, वारली, भेटकार्डं, मातीकाम. चाळीसेक मुलं येतात, रमतात आणि व्हरांड्यातूनच परस्पर घरी जातात. आई-वडील पायऱ्यांवर फोन बघत बसतात. दालनात कुणी पाऊल टाकत नाही. विश्वस्त म्हणतात, संख्या साठ-सत्तरवर न्या. मुलांना चित्रांकडे वळवायचं कसं आणि दिवाळीच्या सुट्टीत काय ठेवायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी एकवीस वर्षं संग्रहालयांच्या शिक्षण विभागांत काम करते आहे आणि त्यातली पहिली चार तुमच्यासारखीच गेली. तेव्हा मी हाच प्रश्न विचारत होते, म्हणून सांगते: तुमची अडचण मुलांना वळवण्याची नाही. तुमच्या कार्यक्रमाला संग्रहालयाची गरजच नाही, ही अडचण आहे. हीच कार्यशाळा शाळेच्या वर्गात किंवा एखाद्या मंगल कार्यालयाच्या सभागृहात घेतली तर काय कमी पडेल, हे स्वतःला विचारून बघा. काहीच कमी पडणार नसेल, तर मुलांनी दालनात का जावं? त्यांच्या हातातल्या कामाला भिंतीवरच्या चित्राशी काही घेणं-देणंच नाही.

दुसरी अडचण पालकांची. पाचव्या की सहाव्या रविवारी एक वडील मुलीचा हात माझ्या हातात देऊन म्हणाले, "मॅडम, किती वाजता घ्यायला येऊ?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या जाहिरातीत 'मुलांसाठी कार्यशाळा' असंच लिहिलं होतं, मोठ्यांसाठी तिथे काही नव्हतं. बाहेर बसलेल्या पालकांवर मी मनात रागावत होते आणि त्यांना आत बोलावणारी एक ओळही मी कुठे लिहिली नव्हती. पुढच्या महिन्यापासून पत्रकावर 'एक मूल आणि एक मोठं माणूस, जोडीने' एवढं छापलं. संख्या निम्म्याने घटली आणि कार्यक्रम खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

पुढे जाण्याआधी, परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. तुमच्याकडे मदतीला किती माणसं आहेत, दालनात सतरंजी टाकून पंधरा-वीस जण बसतील एवढी जागा आहे का, अभिरक्षक (संग्रह सांभाळणारे क्युरेटर) तुमच्या बाजूने आहेत का, यावर बरंच ठरतं. संग्रह अमूर्त चित्रांचा असता तर मी थोडं वेगळं सांगितलं असतं. पण तुमच्याकडे माणसांची चित्रं आहेत आणि घरातल्या वस्तू आहेत. कुटुंबांसाठी याहून सोपा संग्रह नाही. गाव लहान असल्याची खंत तुमच्या लिहिण्यात जाणवली, ती मात्र बाजूला ठेवा. साताऱ्याजवळच्या औंधला तिथल्या संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये टेकडीवर संग्रहालय उभं केलं. तिथे राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं शिल्पही आहे. चांगला संग्रह बघायला मुंबईलाच जायला हवं, असं नाही.

आता कामाचं. दीड तासाच्या कार्यक्रमात एकच चित्र घ्या. दोनसुद्धा नको. नवीन माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण लोक आलेच आहेत तर सगळं दाखवू, असं वाटत राहतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एकेका चित्रासमोर किती वेळ थांबतात, याची मोजणी झाली होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली २७ सेकंद, आणि निम्मे लोक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. त्यात पाटी वाचण्याचा वेळही आला. जगातल्या नामांकित चित्रांसमोर ही अवस्था असेल, तर चार दालनांचा फेरफटका मारणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत काय उरेल? म्हणून एक चित्र आणि त्यासमोर वीस-पंचवीस मिनिटं, खाली बसून. बसणं महत्त्वाचं. उभं माणूस निघण्याच्या तयारीत असतं, बसलेलं माणूस बघायला लागतं.

वीस मिनिटं मुलं काय बघणार, ही शंका मलाही होती. तिचं उत्तर मला तीन प्रश्नांत सापडलं. अबिगेल हाउसन या मानसशास्त्रज्ञ आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे शिक्षणप्रमुख राहिलेले फिलिप येनावाइन यांनी मिळून ही पद्धत बसवली आणि आज ती जगभर वापरली जाते. मी मराठीत ते प्रश्न असे विचारते: "या चित्रात काय चाललंय?" मुलाने काही सांगितलं की, "कशावरून?" आणि मग, "अजून काय दिसतंय?"

यातला 'कशावरून' हा फार मोलाचा शब्द आहे. मूल म्हणतं, "ही बाई रागावली आहे." मी विचारते, "कशावरून म्हणतेस?" मूल पुन्हा चित्राकडे वळतं. भुवया बघतं, मग हात बघतं, मग म्हणतं, "तिने पदर घट्ट धरलाय." आता तो पदर सगळ्यांना दिसतो. आधीही तो तिथेच होता. तेवढ्यात एखादे आजोबा मागून म्हणतात, "रागावलेली नाही, थंडी वाजतेय तिला." त्यांनाही तोच प्रश्न. ते खिडकीतून येणाऱ्या निळसर उजेडाकडे बोट दाखवतात. वीस मिनिटं कधी संपतात ते कळत नाही.

पण तीन प्रश्न पाठ केले की झालं, असं समजू नका. मुलाचं उत्तर ऐकून तेच वेगळ्या शब्दांत सगळ्यांना ऐकवायचं, म्हणजे मागे बसलेल्यांनाही ऐकू जातं आणि त्या मुलालाही कळतं की आपलं म्हणणं पोहोचलं. बोलताना चित्रातली ती जागा दाखवायची, हात मात्र फूटभर लांब. आणि 'शाब्बास' म्हणायचं नाही. हे मला सर्वांत जड गेलं. एकाला शाब्बास म्हटलं की उरलेली मुलं चित्राकडे बघणं सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघतात आणि शाब्बास मिळेल असं उत्तर शोधू लागतात. मी फक्त मान डोलावते आणि ऐकल्याचं सांगते.

माहिती द्यावी की नाही, यावर आमच्या क्षेत्रात मतभेद आहेत. माझं मत असं की द्यावी, पण उशिरा, आणि चर्चेला तिची गरज पडेल तेव्हा. देवाची मूर्ती असेल, पूजेतली वस्तू असेल, तर नुसत्या 'काय दिसतंय' ने काम भागत नाही. ती कशासाठी केली, हे सांगावंच लागतं. तैलचित्राच्या बाबतीत चित्रकाराचं नाव, साल, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातलं शिक्षण, हे सगळं मी शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवते. तोवर मुलांनी चित्रातून स्वतःचे प्रश्न काढलेले असतात, मग ती माहिती त्यांना हवी असते.

यानंतर हाताचं काम. इथे नियम एकच: चित्रकाराला जी अडचण सोडवावी लागली, तीच अडचण मुलांच्या आणि पालकांच्या हातात द्यायची. नऊवारी नेसलेल्या बाईचं चित्र असेल, तर साडीचं चित्र काढायला सांगू नका. घरून जुनी साडी आणा, खुर्चीवर टाका आणि तिच्या चुण्यांवर कुठे उजेड आहे, कुठे सावली आहे, एवढंच पेन्सिलीने टिपायला सांगा. किंवा पातळ टिश्यू कागदाच्या चुण्या करून कागदावर चिकटवायला द्या. वीस मिनिटं झगडल्यावर सगळ्यांना पुन्हा दालनात, त्याच चित्रासमोर न्या.

ही परतीची फेरी कधीही गाळू नका. वेळ कमी पडला तर हाताचं काम दहा मिनिटांनी कमी करा, पण परत जा. स्वतः चुणी काढताना जेरीस आलेला माणूस चित्राकडे निराळ्या नजरेने बघतो. एकदा आठ वर्षांची एक मुलगी परत आल्यावर चित्राच्या अगदी समोर उभी राहिली आणि आईला म्हणाली, "आई, त्याने इथे रेघ काढलीच नाहीये, नुसता रंग बदललाय." तैलचित्रात कडा कशा विरघळवतात, हे शिकवायला कला महाविद्यालयात एक सत्र जातं. तिला ते स्वतःच्या हाताच्या धडपडीतून दिसलं. तिची आईही त्या दिवशी बराच वेळ तिथेच उभी होती.

आता पालक. त्यांना आत आणणं म्हणजे खुर्ची देऊन मुलाशेजारी बसवणं नव्हे. नुसतं शेजारी बसवलं तर दोनच गोष्टी होतात: ते फोन काढतात, नाहीतर मुलाच्या हातातली पेन्सिल घेतात. ही भीती जुनी आहे. व्हिक्टर डामिको या शिक्षकाने १९४२ पासून न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मुलांचा 'आर्ट कार्निव्हल' भरवला. १९६३ मध्ये तो दिल्लीच्या बालभवनातही आला होता. त्याच्या प्रवेशद्वाराची चौकट मुलांच्या उंचीची आणि आकाराची होती आणि पालकांनी आत यायचं नाही, असा कडक नियम होता, कारण पालक मुलाचा हात चालवू लागतात. पण याच डामिकोंनी पालक आणि मुलं एकत्र काम करतील असे वर्गही चालवले. मी यातून एवढं घेतलं, की मोठ्यांना एकतर पूर्ण बाहेर ठेवा, नाहीतर त्यांचं स्वतःचं काम द्या. अर्धवट ठेवू नका.

माझा हमखास चालणारा खेळ असा. मोठं माणूस चित्राकडे पाठ करून बसतं, मांडीवर परीक्षेचं पॅड, हातात पेन्सिल. मूल चित्राकडे तोंड करून बसतं आणि काय दिसतंय ते सांगतं. मोठ्याने ते ऐकून काढायचं. मागे वळून बघायचं नाही. "डावीकडे एक माणूस आहे." "केवढा?" "मोठा." "पानाच्या अर्ध्यापर्यंत?" मुलाला नीट बघितल्याशिवाय सांगता येत नाही आणि मोठ्याला नीट ऐकल्याशिवाय काढता येत नाही. "मला चित्र येत नाही हो," म्हणणारे वडील पाच मिनिटांत खाली वाकलेले असतात, कारण चित्र चुकलं तर ते सांगणाऱ्यामुळेही चुकलेलं असतं, सगळा भार त्यांच्यावर नसतो. शेवटी दोघं मिळून चित्राकडे बघतात. तेव्हाचा हशा दालनभर जातो. अभिरक्षकांना ते आधी सांगून ठेवा.

आजी-आजोबांसाठी तुमच्या घरगुती वस्तूंचं दालन आहे. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलं असेल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणते. दिवे, अडकित्ते, वज्री, ओगराळी. काका केळकरांनी आयुष्य घालवून जमवलेल्या, एकेकाळी कुणाच्या तरी घरात रोज हाताळल्या गेलेल्या वस्तू. अशा काचपेटीसमोर माहीतगार मी नसते, आजी असतात. आमच्याकडे एका वस्तूच्या पाटीवर नुसतं 'लाकडी पात्र' असं होतं. एका आजींनी बघितलं आणि नातवाला म्हणाल्या, "अरे, ही काठवट. यात पीठ मळायचं, यातच भाकरी थापायची." मग तिथेच, मोकळ्या हातांनी हवेत, भाकरी थापून दाखवली. सगळी मुलं तसे हात करू लागली. आम्ही ती पाटी बदलली. तुम्हीही अशा रविवारी एक वही ठेवा आणि आजी-आजोबा जे सांगतील ते गावच्या नावासकट लिहून घ्या. एकाच वस्तूला तीन तालुक्यांत तीन नावं निघतात, आणि ती सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

वयाचं विचारलं आहे, त्यावर थोडक्यात. कौटुंबिक कार्यक्रमात वयाप्रमाणे गट पाडू नका. चार वर्षांचा धाकटा आणि दहा वर्षांची ताई एकत्रच येतात आणि एकत्रच राहायला हवीत. धाकट्यांसाठी कोपऱ्यात एक स्पर्शपेटी ठेवा: कोऱ्या कॅनव्हासचा तुकडा, पांढरा लेप दिलेला कॅनव्हास, वेगवेगळे ब्रश, काळा दगड, पितळेचा तुकडा. वीस मिनिटांनंतर त्यांना उठू द्या, बाहेर अंगणात फिरू द्या. तेरा-चौदाच्या पुढची मुलं आई-वडिलांबरोबर येत नाहीत. त्यांना मदतनीस म्हणून बोलवा. तीच मुलं दोन वर्षांनी प्रश्न विचारायला तुमच्यापेक्षा चांगली होतात.

'हात लावू नका' याबद्दलही सांगायला हवं, कारण बऱ्याच मुलांना संग्रहालयात ऐकू येणारं हे पहिलं वाक्य असतं. ते ओरडून सांगण्यापेक्षा दाखवता येतं. पितळेचा एक पत्रा अर्धा काचेखाली ठेवा आणि अर्धा उघडा, 'इथे जरूर हात लावा' अशी चिठ्ठी लावून. दोन-तीन महिन्यांत बोटांच्या घामाने उघडी बाजू डागाळते. तसंच उजेडाचं. घोटीव कागद अर्धा झाकून खिडकीत ठेवा, महिनाभरात उघडा भाग फिका पडतो. जलरंग आणि कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू नये, असा संग्रहालयांचा संकेत आहे. म्हणून लघुचित्रांचं दालन अंधारं असतं. हे एकदा कळलं की मुलं स्वतःच इतरांना फ्लॅश मारू नका म्हणून सांगतात. दालनात फक्त पेन्सिल, हाही नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. पेन, स्केचपेन, ओले रंग सगळं बाहेर.

पहारेकऱ्यांना आधीच सामील करून घ्या. एका संग्रहालयात मुलं शांतपणे बसून चित्र काढत असताना एक पहारेकरी काका सारखे "उठा, उठा" करत होते. जमिनीवर बसायची परवानगी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चूक आमची होती. पुढच्या वेळी मी त्यांना अर्धा तास आधी भेटले, सगळं सांगितलं आणि विचारलं, लोक सर्वांत जास्त कुठल्या चित्रासमोर थांबतात? त्यांनी क्षणात सांगितलं, आणि ते चित्र माझ्या यादीतही नव्हतं. दिवसाचे आठ तास लोकांना चित्रं बघताना बघणारं दुसरं कोण आहे संग्रहालयात?

तुमच्या यादीतल्या वारलीबद्दल मला वाईट वाटलं, ते स्पष्ट सांगते. तुमच्या संग्रहात वारली चित्र नाही. मग ती कार्यशाळा का? त्रिकोण जोडून माणसं काढणं सोपं म्हणून? ही डहाणू, तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात त्या चौकाची चित्रं आहेत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका ती काढत आल्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली आणि जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही कला दाखवायची असेल, तर एखाद्या वारली चित्रकाराला बोलवा, प्रवासखर्च आणि योग्य मानधन द्या, आणि त्यांना बोलू द्या. नाहीतर तुमच्या स्वतःच्या भिंतीवर जे आहे तेच घ्या.

चित्रकला स्पर्धेबद्दलही तेच. विश्वस्त नक्की सुचवतील, कारण स्पर्धेला गर्दी होते. पण तिथे मूल घरून पाठ करून आलेलं सूर्य, डोंगर आणि नदी काढतं, मागून आई रंग सांगते, तीन मुलांना बक्षीस मिळतं आणि बाकीची कधी परत येत नाहीत. संग्रहालयातलं एकही चित्र त्यात कुणी बघत नाही. गर्दीचा दिवस हवाच असेल तर १८ मे, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, उत्तम. शाळांना सुट्टी असते. वर्षातून एक-दोन मोठे खुले दिवस आणि दर महिन्याला बारा जोड्यांचा छोटा कार्यक्रम, अशी विभागणी विश्वस्तांपुढे मांडा. मोठ्या दिवशी गावाला संग्रहालय माहीत होतं, छोट्या दिवशी कुटुंबं संग्रहालयाची होतात. दोन्हींकडून एकच अपेक्षा ठेवली की दोन्ही बिघडतात.

संख्येच्या प्रश्नावर विश्वस्तांशी भांडू नका, त्यांना दुसरे आकडे द्या. किती जोड्या दुसऱ्यांदा आल्या? मोठ्यांपैकी किती जणांनी हातात पेन्सिल घेतली? कुटुंब दालनात एकूण किती मिनिटं होतं? मी एका वहीत हे तीनच आकडे लिहीत असे. पहिल्या वर्षाअखेर ती वही बैठकीत ठेवली. साठ मुलांच्या फोटोपेक्षा 'ही चौदा कुटुंबं पाचहून जास्त वेळा आली' या ओळीवर जास्त वेळ चर्चा झाली. एका विश्वस्तांनी पुढच्या महिन्यात नातीला आणलं.

शुल्क किती ठेवायचं, हे गावावर अवलंबून आहे. पूर्ण मोफत ठेवलं तर नाव नोंदवून न येणारे फार असतात. थोडं शुल्क ठेवलं तर ते कमी होतात, पण ज्यांनी कधी संग्रहालय बघितलेलं नाही तेच आधी गळतात. मी बारापैकी चार जागा नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या कुटुंबांसाठी ठेवते आणि शिक्षकांना भेटून स्वतः निमंत्रण देते. पत्रक पुरत नाही. आपल्या संग्रहालयांची दारं भव्य असतात, आणि ज्याच्या घरातलं कुणीच कधी आत गेलेलं नाही त्याला ते दार ओलांडणं फार अवघड जातं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये बसमध्ये फिरतं संग्रहालय सुरू केलं, ते याच कारणासाठी मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडे बस नसेल, पण दोन-तीन वस्तूंच्या प्रतिकृती आणि एका चित्राची मोठी छापील प्रत घेऊन शाळेच्या पालकसभेला तर जाता येईल. आणि दाराशी पोहोचल्यावर पिण्याचं पाणी, स्वच्छ शौचालय आणि डबा खायला सावलीची जागा कुठे आहे, हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. लहान मूल घेऊन आलेल्या आईचा दिवस यावर ठरतो.

आता दिवाळी. आकाशकंदील सगळीकडे होतात, तुम्ही उजेडच घ्या. तुमच्या तैलचित्रांत जिथे उजेड एकाच बाजूने येतो असं एक व्यक्तिचित्र निवडा. त्यासमोर वीस मिनिटं, तेच तीन प्रश्न, आणि चौथा: "उजेड कुठून येतोय? कशावरून?" मग बाहेरच्या खोलीत पडदे ओढून जोडीजोडीला एक छोटा टॉर्च द्या. मुलाने आईच्या चेहऱ्यावर तो डावीकडून, खालून, मागून धरायचा आणि प्रत्येक वेळी नाकाची सावली कुठे पडते ते टिपायचं. शेवटी टॉर्च तळहाताने झाका म्हणावं. बोटांच्या कडा लालबुंद दिसतात. तेव्हा सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांच्या चित्राची प्रत दाखवा: हातात दिवा धरलेली, दुसऱ्या हाताने ज्योत सांभाळणारी साडीतली मुलगी. त्यांनी १९४० च्या दशकात स्वतःच्या मुलीला उभं करून ते जलरंगात केलं. मूळ चित्र म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यात आहे. बरेच लोक ते रविवर्म्यांचं समजतात. त्यातली बोटं अशीच आतून उजळलेली आहेत, आणि दोन मिनिटांपूर्वी हाताच्या आडून उजेड बघितलेल्या मुलाला ती लगेच ओळखू येतात.

मग सगळ्यांना परत तुमच्या व्यक्तिचित्रासमोर न्या. दालनातले मोठे दिवे बंद करून फक्त त्या चित्रावरचा ठेवा, पण हे अभिरक्षक आणि पहारेकरी दोघांशी आदल्या दिवशी करून बघा, कारण जुन्या इमारतींत एका बटणावर तीन दालनं असतात. दालनात ज्योत पेटवायची नाही, पणतीसुद्धा नाही. डोळे अंधाराला सरावायला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढा वेळ कुणी काही बोलू नका, असं आधीच सांगून ठेवा. मुलं गप्प बसतात. मी पुष्कळदा बघितलं आहे.